विषाणू गेला, सिरॉसिस राहिला

संपादक महोदय,

‘हेपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो, त्यामुळे काळजीचे कारण नाही’ हे मागील अंकातील लेखातले विधान अर्धेच खरे आहे. १९९६ साली बाळंतपणात मला रक्त चढवावे लागले. हेपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्येच ओळखला गेला होता, तरी आपल्याकडे रक्तदात्यांच्या रक्ताची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली २००१ मध्ये. यकृत वीस-वीस वर्षे तक्रार करत नाही. माझे निदान झाले तेव्हा सिरॉसिस झालेला होता. औषधांनी विषाणू गेला, यकृत मात्र पूर्ववत झाले नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी, आणि प्रत्येक रिपोर्ट हाती येईपर्यंत कर्करोगाची धास्ती. त्यात सिरॉसिस म्हटले की ‘दारू घेता का?’ हा प्रश्न. नातेवाइकांनी विचारला तेव्हा तो फार लागला.

२००१ पूर्वी रक्त घेतलेल्या प्रत्येकाने ‘अँटी-एचसीव्ही’ चाचणी करून घ्यावी, हे आपण ठळक छापावे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ठरावीक सरकारी रुग्णालयांत तपासणी व औषधे मोफत मिळतात, हेही त्या लेखात यायला हवे होते.

– एक वाचक, सातारा