काचेच्या घरातला मेहमान

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकट्या लेकीने दोन वर्षांची ईदी साठवून ठेवली होती. एका संध्याकाळी तिने डबा आमच्यासमोर उघडला आणि म्हणाली, “अब्बा, मला ते फूल हवंय. निमोचं घर.”

घरात खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी येऊन तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउन मासे होते. मासे आहेत, मग त्यांचे घरही हवे, एवढाच आमचा हिशेब. एका दुकानात पांढरेशुभ्र, टोकांना जांभळी झाक असलेले समुद्रपुष्प दिसले. दुकानदार म्हणाला, “सर, असा सफेद पीस पुन्हा मिळणार नाही.” आम्ही पैसे मोजले आणि पिशवी घेऊन घरी आलो.

अकराव्या रात्री ते जागेवरून सरकले आणि पंपाच्या जाळीत ओढले गेले. सकाळी टाकीतले पाणी दुधासारखे गढूळ झाले होते आणि दोन्ही मासे तळाशी पडले होते. लेकीने पाहिले, थोडा वेळ गप्प राहिली आणि मग विचारले, “अब्बा, त्याचं खरं नाव काय होतं?” शाळेत वीस वर्षे मुलांना शिकवणाऱ्या आम्हाला त्याचे उत्तर देता आले नाही.

मेहमान घरी आणला, पण तो कोण, काय खातो, कुठे झोपतो, हे कुणालाच विचारले नाही. आज हा विषय घेतला तो त्यासाठीच. हल्ली अनेक घरांत मुलांच्या हट्टापायी खाऱ्या पाण्याची टाकी येते आणि मुलांची पहिली मागणी हीच असते.

आधी एक गोष्ट साफ करू. समुद्रपुष्प हे फूल नाही. तो प्राणी आहे, प्रवाळाचा आणि जेलीफिशचा नातलग. मधोमध तोंड, त्याभोवती बोटांसारखे संस्पर्शक आणि खाली चिकटून बसणारे पाऊल. संस्पर्शकांत दंश करणाऱ्या पेशी असतात. क्लाउन माशाच्या अंगावरच्या चिकट थरामुळे तो त्या दंशापासून वाचतो. दुसरा छोटा मासा सापडला तर त्याचा घास होतो. क्लाउन माशांशी दोस्ती करणाऱ्या समुद्रपुष्पांच्या अंगात सूक्ष्म शेवाळही राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देते. म्हणून निरोगी समुद्रपुष्पात तपकिरी, हिरवट किंवा तशी भरलेली रंगछटा दिसते. पांढरेशुभ्र म्हणजे सुंदर नव्हे. त्याच्या अंगातले शेवाळ निघून गेलेले असते आणि ते उपाशी असते. आम्ही “रेअर पीस” म्हणून आणला तो आजारी जीव होता. भडक पिवळे किंवा गुलाबी दिसले, तर अनेकदा ते रंग पाजलेले असते. त्याच्याही वाटेला जाऊ नये.

आता ओळख. जगात समुद्रपुष्पांचे शेकडो प्रकार आहेत, पण क्लाउन मासे त्यांपैकी साधारण दहा प्रकारांतच राहतात. दुकानात लोक वरचे संस्पर्शक पाहतात. ते फुगतात, आकसतात, प्रकाशाप्रमाणे वेगळे दिसतात. खरी ओळख खाली असते, देठाकडे आणि पावलाकडे. दुकानदाराला ते काचेजवळ दाखवायला सांगावे आणि बघावे.

देठ गुळगुळीत, त्यावर मणी नाहीत, पाऊल खडकाच्या कपारीत रोवलेले आणि संस्पर्शकांच्या टोकाला फुगा किंवा बल्बसारखा फुगीर भाग असेल, तर ते बबल टिप. शास्त्रीय नाव एंटाकमेया क्वाड्रिकलर. फुगा दर वेळी दिसेलच असे नाही, म्हणून देठ बघायचा. देठावर चिकट मण्यांसारखे ठळक उंचवटे, कातडे राखाडी व चामड्यासारखे आणि पाऊल वाळूत पुरलेले असेल, तर ते हेटेरॅक्टिस क्रिस्पा असण्याची शक्यता मोठी. बाजारात याला सेबी म्हणतात. आमचे पहिले हेच होते, हे पुढे फोटो पडताळताना कळले. देठाचा खालचा भाग लालसर-नारिंगी, वर पांढरे मणी आणि लांब, विरळ संस्पर्शक असतील, तर ते लाँग टेंटॅकल, तेही वाळूतलेच. संस्पर्शक अगदी आखूड आणि दाट, जणू गालिचा अंथरलाय, तर ते कार्पेट. हे अर्ध्या मीटरहून मोठे होऊ शकते आणि लहान मासे सहज गिळते. देठ रंगीत आणि नेहमी खडकाच्या उंच टोकावर चढून बसणारे मॅग्निफिका. त्याला फार तीव्र उजेड व प्रवाह लागतो, नवशिक्यांनी ते दुरूनच पाहावे.

याशिवाय एक मेहमान न बोलावता येतो. दगडावर चिकटून घरात शिरतो, पारदर्शक-तपकिरी, सेंटिमीटरभर उंच, स्पर्श होताच झटकन आत जाणारा. तो एप्टेशिया. मुलांना वाटते फुकटचे समुद्रपुष्प मिळाले. चाकूने खरवडू नका. त्याचा तुकडा राहिला तरी त्यातून नवे वाढते, एकाचे दहा होतात. त्याला खाणारी पेपरमिंट कोळंबी ठेवणे हा बरा उपाय.

घरच्यासाठी आम्ही बबल टिप निवडले, कारण ते या सर्वांत सोसणारे. तरी सोसणारे म्हणजे काहीही चालणारे नव्हे. त्यासाठी टाकी किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर चाललेली हवी. नव्या टाकीत माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात आणि पाण्याचा तोल स्थिरावायला त्याहून जास्त. आमची पहिली टाकी सहा आठवड्यांची होती, म्हणजे घराला दारे बसली होती, छप्पर नव्हते. दुसऱ्या खेपेला आम्ही दहा महिने थांबलो. तोवर लेकीने वहीत तक्ता मांडला. तापमान २५ ते २७ अंश, पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. लेक दर शुक्रवारी आकडे भरत असे.

आपल्याकडे दोन अडचणी हमखास येतात. पहिली उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये टाकी सहज ३० अंशांच्या वर जाते. टाकीवर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. पण वाफेबरोबर मीठ उडून जात नाही, ते मागे राहते. म्हणून पातळी कमी झाली की भर गोड्या, आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नव्हे. नववीच्या वर्गात हा मुद्दा फळ्यावर समजावतो. घरी तो टाकीतच दिसतो. दुसरी अडचण वीज. दिवे गेले की पंप थांबतो आणि पाण्यातला ऑक्सिजन घटू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवा. माशांच्या रोगावर तांब्याचे औषध देतात, ते या टाकीत कधीही नको. माशाला मदत करणारे तांबे समुद्रपुष्पाला जहर असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जिथे आम्ही चुकलो. समुद्रपुष्प चालते. जागा आवडली नाही तर रात्रभरात टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाते. म्हणून ते आणण्याआधी प्रत्येक पंपाच्या तोंडाला जाळी किंवा जाड स्पंज लावा.

दुकानात पाऊल फाटलेले नाही ना, तोंड मिटलेले आहे ना, संस्पर्शक चिकटतात ना, हे पाहून घ्या. काचेला चिकटलेले ओढून काढत असतील तर “राहू दे” म्हणून परत या. पाऊल फाटले की ते बहुधा जगत नाही. घरी आल्यावर पिशवी टाकीत तरंगू द्या, तापमान जुळू द्या. मग टाकीचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब दीड-दोन तास पिशवीत सोडा. दिव्याचा उजेड पहिले काही दिवस कमी ठेवा. खडकात पाऊल टेकेल अशी कपार पाहून तिच्याजवळ ते हळूच ठेवा, पाऊल धरेपर्यंत प्रवाह बंद करा आणि मग हात बाहेर काढा. त्यानंतर त्याची जागा ते स्वतः ठरवील. आम्ही मोठ्या हौसेने मधोमध ठेवले होते. ते दोन रात्रींत डाव्या कोपऱ्यातल्या कपारीत गेले आणि तिथेच राहिले. लेक म्हणाली, “अब्बा, त्याला खिडकी नको होती.”

पहिला आठवडा खायला देऊ नका. नंतर आठ-दहा दिवसांनी नखाएवढा कोळंबीचा तुकडा पुरे. ते अधूनमधून आकसून तपकिरी घाण बाहेर टाकते. त्याला घाबरू नका. तोंड उघडे लोंबत असेल, अंग विरघळल्यासारखे दिसत असेल आणि वास येत असेल, तर ते गेले. लगेच काढा आणि बरेच पाणी बदला, नाही तर बाकीची टाकीही जाईल. आमच्या पहिल्या सकाळी नेमके हेच झाले होते.

क्लाउन माशांबद्दल एक खुलासा. त्यांना समुद्रपुष्प लागतेच असे नाही. पैदास केंद्रातून आलेले मासे त्याच्याविना सुखाने जगतात. आमच्या नव्या जोडीने तीन आठवडे त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही आणि लेक रोज विचारायची, “आज गेले का?” एका संध्याकाळी गेले. घाई त्यांना नव्हती, आम्हालाच होती.

समुद्रपुष्प किती जगू शकते, याची एक खरी गोष्ट मुलांना सांगा. एडिनबरोच्या सर जॉन डॅलियल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावरून एक तांबडे समुद्रपुष्प आणले आणि काचेच्या साध्या भांड्यात ठेवले. थंड समुद्रातला तो प्रकार, विजेचा पंप नाही, दिवा नाही. समुद्राचे पाणी नेमाने बदलायचे, थोडे खायला द्यायचे. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे दादी म्हणू लागले. डॅलियल १८५१ मध्ये गेले. दादी एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि १८८७ पर्यंत जगली. तिच्या पहिल्या मालकापेक्षा ३६ वर्षे जास्त. घरात आणलेला हा जीव आपल्यानंतरही कुणाच्या तरी ओंजळीत जायचा असतो. अमानत हाच त्याला शब्द.

एक गोष्ट मात्र कराच नका. कोकणात किंवा मुंबईत ओहोटीला खडकांच्या डबक्यांत समुद्रपुष्पे दिसतात, मुलांना ती जरूर दाखवा, पण उचकटून घरी आणू नका. त्यांच्याच सोबत असलेल्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि ते तोडणे किंवा उचलणे गुन्हा आहे.

गेल्या महिन्यात आमच्या बबल टिपचे मधून विभाजन झाले आणि दोन झाले. शाळेतल्या एका सहकाऱ्याने एक मागितले. आम्ही काही बोलायच्या आत लेकीने विचारले, “काका, तुमची टाकी किती महिन्यांची आहे?” त्यांनी सांगितले, तीन. तिने वहीचे एक पान फाडून तक्ता लिहून दिला आणि म्हणाली, “हे भरून आणा. मग देऊ.”

ते सध्या तक्ता भरत आहेत.