जागलीची मजुरी कोणत्या रकान्यात?



जिल्ह्याचे गाव सोडून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात बिऱ्हाड केले, त्याला आता दोन वर्षे होतील. त्याआधीही खेडी पुष्कळ पाहिली होती. पण पाहिली ती सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून बैठकही आटोपती घ्यायचो. रात्रीचे गाव मला ठाऊकच नव्हते.

राहायला आल्यावर पहिली बैठक रात्री साडेआठला ठेवली. आले ते म्हातारे आणि शाळकरी पोरे. चळवळीबद्दल गावाला आस्था राहिली नाही, असे मनाशी ठरवून मी सतरंजी गुंडाळू लागलो. तेव्हा घरमालकाची आई म्हणाली, "बापू, सारे जागलीले गेले. तुमी दुपारी बलवा."

जागल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. नवल तुमचे नाही, आमचे आहे. कॉलेजात उत्पादन खर्चाचा तक्ता भरायला शिकलो, पुढे नोकरीत असे कित्येक तक्ते भरले. नांगरट, वखरणी, पेरणी, निंदण, डवरणी, फवारणी, कापणी, मळणी, सगळ्याला रकाने होते. घरच्या माणसांचे तासही विचारून लिहायचो. पण रात्रीचे तास मी कधी विचारले नाहीत, आणि शेतकऱ्यानेही सांगितले नाहीत. जागण्याची मजुरी मागायची असते, हेच त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

मग घरमालकाबरोबर दहा-बारा रात्री मचाणावर काढल्या. बॅटरी, फटाके, पत्र्याचा डबा, धुऱ्यावर बांधलेल्या जुन्या साड्या. डुकरांचा कळप एका कोपऱ्यातून हाकलला की तासाभराने दुसऱ्या कोपऱ्यातून शिरतो. रोही तर डब्याला भीतही नाहीत. पहाटे घरी येऊन चहा घ्यायचा आणि सातला पाठीवर पंप घेऊन कपाशीत फवारणीला जायचे. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे मेली, तेव्हा मास्क-हातमोजे का घातले नाहीत असे शेतकऱ्यालाच विचारले गेले. आदल्या रात्री तो झोपला होता का, हे मीही विचारले नव्हते.

आता ज्वारीकडे येतो. पूर्वी मी सभांतून सांगत असे की कपाशी-सोयाबीनच्या मागे लागून ज्वारी सोडू नका, दाणा मिळतो, कडबा मिळतो, जमिनीला फेरपालट मिळते. शास्त्र म्हणून यात चूक काही नाही. या गावात तेच सांगितले, तर एक जण म्हणाला, "भाऊ, जवारी तुमी पेरा, जागलीले मी येतो." सगळे हसले. पुढे कळले की तो थट्टा करत नव्हता. सारे शिवार ज्वारीचे होते तेव्हा पाखरांचा आणि डुकरांचा वाटा शंभर शेतांत विभागला जायचा. आता ज्वारीची शेते तीन-चार. सगळ्या शिवाराची पाखरे त्याच कणसांवर. ज्वारी काळी पडते, रेशनचा गहू-तांदूळ मिळतो, ही कारणे खरीच आहेत. पण उरलेल्यांनाही ज्वारी सोडायला लावते ती जागल.

घरमालकाने 2025 च्या खरिपात बैलांच्या कडब्यासाठी दोन एकर संकरित ज्वारी पेरली. दाणा दुधात आल्यापासून कापणीपर्यंत 35 रात्री एक माणूस शेतात. रात्रीचे कमीत कमी 300 रुपये धरले तरी 10,500 रुपये झाले. ज्वारी झाली 16 क्विंटल. म्हणजे क्विंटलमागे 656 रुपये नुसते जागण्याचे.

2025-26 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 रुपये. सरकारने त्यामागे धरलेला खर्च, घरच्या मजुरीसह, 2,466 रुपये. उरले 1,233, आणि हाच म्हणे दीडपट भावातला शेतकऱ्याचा नफा. माझ्या तक्त्यासारखा तिथेही हा रकाना कोरा असेल, तर त्या नफ्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा मचाणावरच संपतो. तोही बाजारात हमीभाव मिळालाच तर. संपूर्ण खर्चात जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरायची गोष्ट तर अजून पुढेच आहे.

डुक्कर मारायचे म्हटले तर 1972 चा कायदा आहे. त्यात पिकासाठी लेखी परवानगीची सोय आहे. परवानगी हातात येईतो पीक खळ्यावर आले तर नशीब. तारेत वीज सोडणाऱ्यांना मात्र मी हात जोडून सांगतो, तसे करू नका. त्या तारेला डुक्कर आणि शेजाऱ्याचे पोर यातला फरक कळत नाही.

असा दुसरा कोरा रकाना माझ्या घरातच निघाला. घर देताना मालकाची एकच अट होती, दिवाळीनंतर पुढची खोली कापसाला लागेल. आढ्यापर्यंत कापूस, आणि त्याच्या कडेला पोरे अंग खाजवत झोपलेली. 2021-22 ला कापूस दहा हजारांच्या वर गेला, म्हणून पुढच्या वर्षी कित्येकांनी असाच साठवला आणि भाव पडताना पाहत बसले. गोदामाचे भाडे, वजनातली तूट, पोरांची खाज, कुठे लिहायची?

जिल्हा बैठकीला येताना वही आणा. कोणते पीक, किती रात्री, किती माणसे, बॅटरी-फटाक्यांचा खर्च किती, तारखेसकट लिहा. पेरणीनंतर दाणे उकरले जातात त्या रात्रीही धरा. दुबार पेरावे लागले असेल तर बियाण्याची पावती जोडा. मायबहिणी जागलीला जात असतील तर त्यांच्या रात्री त्यांच्याच नावाने लिहा, नवऱ्याच्या नव्हे. सगळ्या वह्यांचा मिळून जिल्ह्याचा एक तक्ता करू आणि तोच भाव ठरवणाऱ्यांपुढे ठेवू. घरमालकाच्या 35 रात्रींची वही मी घेऊन येत आहे.