घड्याळ जात विचारत नाही, पण सायकल विचारते



आमच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे आणि आजूबाजूच्या खेड्यांत सायकल ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. बापाने तिच्यावर सरकीची पेंड आणली, आईला दवाखान्यात नेले, पोरीने शाळा गाठली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या तेव्हापासून तर सकाळी रस्त्याने पोरींची रांगच लागते. या पोरींना कुणी म्हणाले की सायकल चालवण्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा असते, आणि तीही तुमच्याच वयाच्या मुलामुलींची, तर त्या हसतील. पण ती असते. तिच्याबद्दल आज लिहायचे आहे.

तिला ज्युनिअर गटाची टाइम ट्रायल म्हणतात. ज्युनिअर म्हणजे ज्या वर्षी वयाची सतरा किंवा अठरा वर्षे पूर्ण होतात ते मूल. या वयाच्या मुलांसाठी जागतिक टाइम ट्रायल १९९४ साली सुरू झाली. शर्यतीची रीत सोपी आहे. घोळका नाही, ढकलाढकली नाही. एकेक जण ठरलेल्या अंतराने उतरणीच्या फळीवरून रस्त्यावर सुटतो आणि एकटाच पळतो. पुढच्याच्या आडोशाने चालवायची बंदी. ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो जिंकला. पंचाची मर्जी नाही, निवड समितीचा कल नाही, कुणाचा पोरगा आहे याची चौकशी नाही. घड्याळ तेवढे बोलते.

आपल्या समाजाला हे ऐकून बरे वाटेल. तोंडी परीक्षेत आडनाव ऐकून गुण देणारे लोक आपण पाहिले आहेत. घड्याळाला आडनाव कळत नाही.

पण थांबा. घड्याळ प्रामाणिक असले तरी सगळा हिशेब प्रामाणिक असतोच असे नाही. सपाट रस्त्यावर जोरात सायकल हाणताना माणसाची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. म्हणून या शर्यतीसाठी खास सायकली निघाल्या. हात पुढे घेऊन कोपरे टेकवायची मूठ, भरीव चाक, निमुळते शिरस्त्राण, अंगाला चिकटणारा पोशाख. त्याने फरक किती पडतो ते १९८९ साली सगळ्या जगाने पाहिले. फ्रान्सच्या टूर डी फ्रान्स शर्यतीचा शेवटचा टप्पा साडेचोवीस किलोमीटरची टाइम ट्रायल होता. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड पन्नास सेकंदांनी मागे होता. त्याने ती नवी मूठ लावली होती. पुढे असलेला लॉराँ फिन्याँ साध्या मुठीवर, उघड्या डोक्याने, मागे शेंडी उडवत निघाला. तीन आठवड्यांची ती शर्यत लेमाँडने अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली. दोघेही मोठेच खेळाडू. लेमाँडच्या पायांत दम होताच, पण त्या आठ सेकंदांत मुठीचा वाटा किती आणि पायांचा किती, याचा वाद अजून मिटलेला नाही.

आज अशी चांगली सायकल लाखांच्या घरात जाते. शेतमजुराच्या घरी एवढे पैसे लग्नालाही एकदम निघत नाहीत. मग गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून जे आपल्याला ऐकवले जाते, त्याचा विचार याच उदाहरणावरून करावा असे आम्हाला वाटते. एकाला भरीव चाक आणि दुसऱ्याला बापाची जुनी सायकल देऊन दोघांसमोर एकच घड्याळ धरायचे, आणि मागे पडलेल्याला म्हणायचे, बघ, तुझ्यात गुणवत्ता नाही! यात घड्याळ खोटे बोलत नाही, घड्याळ धरणारा बोलतो. म्हणूनच जगात काही ठिकाणी कोवळ्या मुलांच्या टाइम ट्रायलमध्ये साध्या रोड सायकलीच वापरण्याचा दंडक घातला जातो. आपल्या राज्यातही काही शर्यतींत भारतीय बनावटीच्या साध्या सायकलींचा वेगळा गट असतो. त्याला कुणी सवलत म्हणत नाही.

सायकलीच्या खेळात बहिष्कार नव्हता असेही नाही. अमेरिकेत मार्शल टेलर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा होता, जन्म १८७८. लोक त्याला मेजर टेलर म्हणत. १८९४ साली तिथल्या सायकलपटूंच्या मोठ्या संघटनेने काळ्या माणसाला सभासद करायचे नाही असा नियम केला. आपल्याकडच्या पाणवठ्यासारखाच तो रस्ता. तरीही टेलर थांबला नाही आणि १८९९ साली माँट्रियलला जगज्जेता झाला. शर्यतीत त्याला घेरत, पाडत, हॉटेलात जागा देत नसत. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले तेव्हा टेलर खेळातून निवृत्त झालेला होता. पुढे त्याने आपले आत्मचरित्र स्वतःच छापले आणि दारोदार विकले. १९३२ साली शिकागोत तो कंगाल अवस्थेत वारला. ज्या संघटनेने दार लावले होते, तिने तो नियम औपचारिकपणे रद्द केला १९९९ साली. एकशे पाच वर्षांनी!

दुसरी गोष्ट आजची आहे आणि ती जास्त हुरूप देणारी आहे. आफ्रिकेत एरिट्रिया नावाचा लहानसा गरीब देश आहे. तिथे सायकल इटालियन राज्यकर्त्यांनी नेली आणि सुरुवातीला स्थानिक माणसांना आपल्या शर्यतींतून दूरच ठेवले. त्याच देशातल्या एका सुताराचा मुलगा बिनियाम गिरमाय. २०१८ च्या फेब्रुवारीत रवांडातील किगाली शहरात आफ्रिका खंडाच्या ज्युनिअर स्पर्धेत त्याने टाइम ट्रायल जिंकली. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील एगल गावी जागतिक सायकल संघटनेचे जे केंद्र आहे तिथे त्याला शिक्षण मिळाले. २०२४ साली तो टूर डी फ्रान्समध्ये टप्पा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. एक नव्हे, तीन टप्पे जिंकले आणि हिरवा शर्टही घेऊन आला. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच किगालीत जागतिक रोड स्पर्धा भरली. आफ्रिकेत ती पहिल्यांदाच आली. ज्युनिअर मुलामुलींची टाइम ट्रायलही तिथल्याच चढउतारांवर झाली.

आपला देश रस्त्यापेक्षा ट्रॅकवर पुढे गेला आहे. त्याच एगल गावी २०१८ च्या ऑगस्टमध्ये अंदमान-निकोबारच्या एसो अल्बेनने ज्युनिअर जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पुढच्या वर्षी जर्मनीत एसो, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग या तिघांनी ज्युनिअर सांघिक स्प्रिंटचे सुवर्ण आणले. त्यांत मुंबई-दिल्लीचा साहेबजादा कुणी नाही, बेटांवरची आणि मणिपूरकडची मुले आहेत. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातील इंगळीच्या पूजा दानोळेने २०२० साली गुवाहाटीच्या खेलो इंडियात सायकलिंगचे सुवर्ण मिळवले. इंगळी हेही एक खेडेच.

आता घरातल्या गोष्टीकडे येऊ. सतरा आणि अठरा ही वर्षे म्हणजे अकरावी आणि बारावी. ज्या दोन वर्षांत पोराला सायकलीवर जग दिसू शकते, नेमकी तीच दोन वर्षे आपण अभ्यासाला बांधलेली असतात. आणि का बांधू नयेत? शिक्षणानेच आपण वर आलो. म्हणून सायकलीसाठी शाळा सोड असे आम्ही कुणाच्याही पोराला सांगणार नाही. पण सायकल दिसली की ‘उनाडक्या बंद कर’ म्हणून खेकसणाऱ्या बापांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. रेल्वेत खेळाडूंची भरती होते. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते, गावच्या जत्रेतली ढाल चालत नाही. तेव्हा बुलढाण्याला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन शालेय स्पर्धांची माहिती घ्या. जन्माचा दाखला नीट ठेवा, कारण गट वयावर ठरतो. आणि मुलींना वगळू नका. रोज शाळेला सायकल हाणणारी मुलगी तीच आहे. अंगात दम आधी तिच्याच आहे.

जयंतीला आपल्याकडे सायकल रॅली निघते, निळे झेंडे लागतात, छान दिसते. कांशीराम साहेबांनी १९८३ साली सायकली घेऊनच राज्याराज्यांत प्रचार केला होता, तेव्हा ही परंपरा आपलीच आहे. यंदा रॅलीच्या दुसऱ्या दिवशी विहाराच्या मंडळाने एक टाइम ट्रायल घ्यावी अशी आमची सूचना आहे. खर्च जवळपास नाही. गंमत अशी की या शर्यतीत एकेकटेच पळायचे असल्याने दहा पोरांना दहा सायकली लागत नाहीत. एकच चांगली, हवा-ब्रेक तपासलेली सायकल घ्या, जवळ एक पाना ठेवा आणि प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे सीट वर-खाली करा. कमी रहदारीच्या रस्त्यावर दोन किलोमीटर मोजून दगडाला चुना लावा. जाऊन येऊन चार किलोमीटर होतात. वळणावर एक जाणता माणूस उभा करा, डोक्यावर हेल्मेट सक्तीचे ठेवा, वेळ मोबाईलच्या घड्याळावर दोघांनी वेगवेगळी टिपा. एप्रिलचे ऊन पाहता सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत आटपा. जो शेवटी सुटेल त्याला ऊन आणि वारा जास्त लागणार, म्हणून चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा आणि दुसऱ्या सकाळी तोच क्रम उलटा करून पुन्हा पळवा. दोन्ही वेळांची बेरीज करा. निकाल विहाराच्या फळ्यावर लिहा, मुलींचा आणि मुलांचा शेजारी शेजारी, आणि तारखेसह तो वहीत उतरवून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणाचे किती सेकंद कमी झाले ते पाहता येईल.