पाकिटाच्या पुढच्या बाजूला लिहा

मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली



मी चंडीगडला राहणारी मराठी गृहिणी. इथल्या बाजारात बिस्किटाचा पुडा उचलला की दर्शनी बाजूला गव्हाच्या लोंब्या आणि दुधाची धार दिसते. साखर किती, ते मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत आणि बहुतेक वेळा इंग्रजीत. आपल्या २०२० च्या नियमांनुसार मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरे. गुरुमुखीच वाचता येणाऱ्या शेजारणीने त्यातून काय समजून घ्यावे? शाकाहाराचा हिरवा ठिपका मात्र तिलाही कळतो, अगदी न शिकलेल्यालाही कळतो. तो आपलाच नियम आहे.

मग साखर, मीठ, चरबी यांसाठी तशीच खूण का नाही? सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात आपण पोषणमूल्यानुसार अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे सुचवलेत. त्यात सुकामेवा, फळे, तंतू यांचे गुण साखरेच्या दोषातून वजा होतात. म्हणजे साखर तेवढीच राहते आणि तारे वाढतात! मधुमेह्याच्या घरात हा हिशेब घातक आहे. आयसीएमआरच्या 'इंडियाब' पाहणीच्या पहिल्या टप्प्यात (२०११) चंडीगडमध्ये मधुमेहाचे प्रमाण १३.६ टक्के निघाले होते, महाराष्ट्रात ८.४. चिलीने २०१६ पासून पाकिटावर काळा अष्टकोन छापायला लावला: 'साखर जास्त'. तारे मोजायची गरजच नाही.

पाकिटावरच्या मजकुराचा वाद नवा नाही. जून २०१५ मध्ये आपण मॅगी नूडल्स बाजारातून काढायला लावलीत. शिशाबरोबरच पाकिटावरच्या 'नो ॲडेड एमएसजी' या दाव्यालाही आक्षेप होता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून तीन प्रयोगशाळांत फेरतपासणी करवली. त्यांतली एक आमच्या शेजारच्या मोहालीची. शिसे मर्यादेत निघाले. मॅगी परतली, पण तेव्हा लोकांचा विश्वास कंपनीपेक्षा तपासणीवरूनच जास्त उडाला, असे मला वाटते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गोड पेयांच्या नावांतून 'ओआरएस' (जलसंजीवनी) हा शब्द काढायला लावलात, हे फार चांगले झाले. पण त्यासाठी हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांना आठ वर्षे झगडावे लागले. दर्शनी लेबलासाठीही एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तीन महिन्यांची मुदत घालावी लागली, आणि पुढे ती वाढवून द्यावी लागली.

माझी मागणी एवढीच: तारे मागे घ्या. साखर, मीठ किंवा चरबी मर्यादेबाहेर असेल, तर पुढच्या बाजूला ठळक इशारा सक्तीचा करा, आणि शब्दांसोबत चित्रही ठेवा.

आपली,
चंडीगडची एक ग्राहक