सहा चेंडू आणि संध्याकाळचे सात

मैत्रिणींनो, आपल्या बैठकीत कुठलाही नवा उपक्रम सुचवला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘याचा बायकांना उपयोग काय?’ शिवण, संगणक, कराटे, कायद्याची माहिती, सगळ्यांना उत्तर तयार असते. गेल्या वर्षी मी पूल खेळायला लागले, आणि त्यातही एका फटक्यात सहा चेंडू सहा पॉकेटांत घालण्याची करामत शिकायला लागले, तेव्हा माझ्याकडे असे उत्तर नव्हते. आजही नाही. तरी हा विषय आपल्या अंकात यायला हवा असे मला वाटते.

या करामतीला ‘बटरफ्लाय’ म्हणतात. टेबलाच्या मध्यावर तीन-तीन चेंडूंचे दोन त्रिकोण मांडायचे, प्रत्येक त्रिकोणातले चेंडू एकमेकांना चिकटवून. चेंडू सव्वादोन इंचांचा; दोन त्रिकोणांमधली फट त्याहून किंचित कमी. पांढरा चेंडू त्या फटीत सरळ, दोन्हीकडे एकाच वेळी लागला की डावीकडचे तीन डाव्या पॉकेटांकडे, उजवीकडचे तीन उजव्या. ताकद बेताची पुरते. चिकटलेल्यांपैकी एकाला धक्का बसला की दुसरा साधारण दोघांचे मध्य जोडणाऱ्या रेषेत सुटतो. कॅरमवर चिकटलेल्या सोंगट्या मारलेल्या कुठल्याही मुलीला हे कळते. पण केसभर फट राहिली तर एखादा चेंडू पॉकेटच्या तोंडाशी अडकतो. खरे काम मांडणीचे. मांडा, मारा, गोळा करा, पुन्हा मांडा. सहाही चेंडू पहिल्यांदा गेले ते सातव्या आठवड्यात.

आता बघा, याला काय लागते? टेबल, तासाचे भाडे, आणि चारचौघांत शंभरदा चुकण्याची मुभा. सोळा-सतरा वर्षांची मुले तिथे तासन् तास उभी असतात; त्यांना कुणी उपयोग विचारत नाही. त्यांचा फटका चुकला की तो सराव. माझा चुकला की तीन दिशांनी फुकट सल्ला, आणि एकाने तर ‘दाखवतो’ म्हणत क्यूच हातातून घेतली. टेबलावर वाकले की पाठीमागे अचानक होणाऱ्या शांततेबद्दल तुम्हाला वेगळे सांगायला नको.

या खेळात नाव काढलेल्या दोघींकडे पाहा. जपानची मासाको कात्सुरा १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोत थ्री-कुशन बिलियर्ड्सच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांबरोबर उतरली. ती शिकली मेहुण्याच्या बिलियर्ड पार्लरमध्ये. अमेरिकेची जीन बालुकास १९७२ पासून सलग सात वर्षे यू. एस. ओपनची महिला विजेती. तिच्याही घरच्यांचे ब्रुकलिनमध्ये पूल पार्लर होते. दोघींचे कसब त्यांचेच, पण टेबल घरचे होते, तिथून त्यांना कोण हुसकावणार? आपल्याकडे स्नूकरचा जन्म १८७५ साली जबलपूरला झाला असे सांगतात, तोही लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. ज्यांच्या घरी पार्लर नाही आणि ज्यांना मेस नाही, त्यांनी सराव कुठे करायचा?

आमच्या पार्लरचे मालक तसे भले गृहस्थ. त्यांनी तोडगा काढला: दुपारी बारा ते तीन फक्त बायका, निम्मे भाडे. यावरून आमच्या गटात चांगलेच वाजले. दोघी म्हणाल्या, घेऊ या. ज्यांना घरून संध्याकाळी सोडत नाहीत त्या मुली निदान दुपारी तरी येतील. हा मुद्दा खोटा नाही, आणि तो मांडणाऱ्या वस्तीत काम करतात, मी नाही. तरीही माझा विरोध आहे. बारा ते तीन घरकामगार बाई दुसऱ्या घरी भांडी घासत असते, दुकानातली मुलगी काउंटरवर असते. मग येणार कोण? शिवाय संध्याकाळ आज सवयीने पुरुषांची आहे, ती उद्या पाटी लावून त्यांची होईल. निम्मे भाडे जरूर घेऊ. वेळ मात्र आमची आम्ही ठरवू.

मालक अजून ‘बघू’ म्हणताहेत. तोवर आम्ही चौघी दर मंगळवारी सातला जातो, पूर्ण भाडे चौघींत वाटून. सर्वात धाकटी अठराची. परवा ती चेंडू मांडत होती तेव्हा शेजारचा मुलगा म्हणाला, ‘मी लावून देऊ का?’

‘नको, दादा. भाडं आमचं चालू आहे,’ ती म्हणाली, आणि हाताने बनात साफ करून पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागली. पाच गेले त्या दिवशी. टेबलाशी पाचव्या बाईला जागा आहे.