उपसा आणि भरणा एकाच मापात हवा

विहिरीस पाणी किती, असे वसई भागातील बागाइतदारास विचारले, तर उत्तर बहुधा “अडीच इंची” असे मिळते. शेजारचा बागाइतदार “पाच हॉर्सपॉवर चालते” असे सांगतो. एखादा वयोवृद्ध शेतकरी तासाचे गॅलन सांगतो, पाणी विकणारा टँकरच्या खेपा मोजतो, आणि पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडावे तो धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये छापलेला असतो. १९५६ च्या कायद्याने दशमान मापांचा स्वीकार झाला व शेर-मण बाजारातून गेले; वाहत्या पाण्याचे माप मात्र अद्याप एक झालेले नाही. हा केवळ आकडेमोडीचा घोळ असता, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु समुद्रकाठच्या तालुक्यात या घोळाची किंमत विहीर खारी होण्याने मोजावी लागते.

इंच आणि हॉर्सपॉवर ही पाण्याची मापे नव्हेतच. इंच हा नळाचा व्यास होय. दोन इंची नळापेक्षा तीन इंची नळाचे तोंड दीडपट नसून सव्वादोनपट मोठे असते, आणि त्यातून पाणी कोणत्या वेगाने येते ते इंच सांगत नाही. हॉर्सपॉवर ही मोटारीची ताकद होय. तीच मोटार मार्गशीर्षात विहीर तुडुंब असताना जितके पाणी टाकते, तितके वैशाखात पातळी खोल गेल्यावर टाकीत नाही. असे असता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याच्या नोंदवहीतही “मोटार ५ हॉ. पॉ., नळ २॥ इंच” एवढेच लिहिलेले आढळते आणि त्यावरून पाण्याचा अंदाज केला जातो. ही पद्धत सोडून दिली पाहिजे.

गॅलन हे खरे माप आहे, पण फसवे आहे. जुन्या लोकांच्या तोंडी असलेला गॅलन इंग्रजी होय. तो दहा पौंड पाण्याचा, म्हणजे ४.५४६ लिटरचा. अमेरिकेचा गॅलन ३.७८५ लिटरचाच असतो. मोबाइलवर हिशेब करू जाता पुष्कळदा हा दुसरा गॅलन धरला जातो. पंप तासास ३,००० गॅलन देतो असे म्हटले, तर इंग्रजी गॅलनाने ते १३,६३८ लिटर होतात आणि अमेरिकन गॅलनाने ११,३५५. दहा गुंठे केळीस पाच सेंटिमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे ५०,६०० लिटर लागतात. म्हणजे एका हिशेबाने पावणेचार तास आणि दुसऱ्याने जवळजवळ साडेचार. पाऊण तासाचा हा फरक विजेच्या बिलातही दिसतो.

यास्तव प्रवाहाचे माप सेकंदास लिटर हेच धरावे. ते काढण्यास यंत्र लागत नाही. २०० लिटरचे पिंप नळाच्या तोंडाखाली ठेवावे आणि घड्याळ लावून ते किती वेळात भरते ते पाहावे. तीन वेळा पाहून सरासरी घ्यावी. पिंप ५० सेकंदांत भरले, तर प्रवाह सेकंदास ४ लिटर झाला. तोच तासास १४,४०० लिटर, म्हणजे सुमारे ३,१७० इंग्रजी गॅलन, आणि क्युसेकचा सातवा हिस्सा होय. कारण एक क्युसेक म्हणजे सेकंदास २८.३ लिटर. ज्यांना दशांशाचा कंटाळा येतो त्यांनी गॅलनाचे साडेचार लिटर धरावेत. त्यात शेकडा एकाची चूक होते, आणि पिंप भरण्याच्या वेळेत त्याहून मोठी चूक होऊन जाते. चार दशांश स्थळांपर्यंत कोष्टके पाठ करणारा पण पिंपाखाली कधी न वाकलेला कार्यकर्ता शेतकऱ्याच्या फारसा उपयोगी नाही.

गुंठ्याचा हिशेब याहूनही सोपा आहे. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा असल्यामुळे त्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे शंभर लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे एका गुंठ्यावर जवळजवळ दहा सेंटिमीटर पाणी. सेकंदास ४ लिटर देणारा पंप तो टँकर अवघ्या बेचाळीस मिनिटांत भरतो. टँकरवाल्यास पाणी देणाऱ्याने हा आकडा एकदा स्वतः मांडून पाहावा.

आता मुख्य प्रश्न भरण्याचा. पंप थांबवून पाण्याची पातळी खुणावावी व तासाने पुन्हा पाहावी. चार मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाणी तासात ३० सेंटिमीटर चढले, तर झऱ्यांनी सुमारे ३,७७० लिटर दिले, म्हणजे सेकंदास एक लिटरहून किंचित अधिक. येथे उपसा चार आणि भरणा एक, हे एका दृष्टिक्षेपात कळते. उपसा इंचात आणि भरणा हातात किंवा फुटात सांगितला, तर ही तुलना कोणासही करता येणार नाही, आणि आजवर ती बहुतेक ठिकाणी झालेली नाही ती याच कारणाने.

अर्नाळा, आगाशी, निर्मळ, भुईगाव या पट्ट्यात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी असते, असा शास्त्रीय ठोकताळा आहे. म्हणजेच वरची पातळी फूटभर कायमची उतरली, तर खालून खारे पाणी त्याच्या कितीतरी पट वर येते. राहाटगाडग्याच्या काळी उपसा मंद असे आणि बावखलांत साठलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरून भरणा करीत असे. राहाट पुन्हा आणावा, असे कोणी सुचवीत नाही; वर्षानुवर्षे बैल पोसणे आज बागाइतदारास परवडणारे नाही. परंतु पंप बसविताना भरणा न मोजणे आणि बावखल बुजविताना तो किती घटेल याची चौकशी न करणे, हे दोन्ही एकाच अज्ञानाचे प्रकार होत.

मोटारीचा अर्ज असो की विहिरीची नोंद असो, इंच व हॉर्सपॉवर यांबरोबर दोन रकाने हवेत: उपसा सेकंदास लिटर आणि भरणा सेकंदास लिटर. मापन वर्षातून दोनदा करावे, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा वैशाखात. वैशाखातील आकडा शेतकऱ्यास सहसा आवडत नाही, परंतु बागेत किती केळी लावावयाची ते त्याच आकड्यावरून ठरवावे लागते.