बुडालेला धुरा

मामांचा नातू सिएटलला असतो. गेल्या आठवड्यात त्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. पिवळ्या कयाकमध्ये तो बसलाय, अंगात लाइफ जॅकेट, दोन पायांच्या मध्ये बादली. मागे प्युजेट साउंडचं राखी पाणी. दोरी ओढत ओढत तो पिंजरा वर काढतो, आत चार डंजनेस खेकडे. मग खिशातून प्लॅस्टिकची एक पट्टी निघते आणि ती खेकड्याच्या पाठीवर आडवी बसते. सव्वासहा इंचांहून कमी भरला तर पाण्यात. मादी असेल तर कितीही मोठी असो, पाण्यात. कात नुकतीच टाकून कवच मऊ पडलं असेल तर तोही पाण्यात. दिवसाला पाच नर न्यायचे आणि धरल्या धरल्या कार्डावर लिहायचे. सरकारचा हिशेब असतो म्हणे.

मामांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि विचारलं, ‘‘दिवसाउजेडी कोण धरतं बाप्पा खेकडे?’’

मामांचं वय आता ऐंशीच्या घरात. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, मुंबईला, एका ऑपरेशनच्या निमित्ताने, तोही रुग्णालयाच्या जिन्यावरून. हिंगोलीपासून किनारा सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरहून लांब आहे. खाडी, भरती, ओहोटी हे शब्द आमच्याकडे भूगोलाच्या पेपरापुरते. पण उथळ पाण्यात, रात्री, होडीसारख्या कशावर तरी बसून खेकडे धरणं म्हणाल, तर ते आम्ही केलंय. आमचा उपसागर म्हणजे सिद्धेश्वर धरणाचा फुगवटा.

पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी आणि खाली, औंढा नागनाथ तालुक्यात, सिद्धेश्वर. दोन्ही धरणं एकाच पूर्णा प्रकल्पातली, साठच्या दशकात पुरी झालेली. वसमतपासून नांदेडपर्यंतच्या वावरांना कालव्याचं पाणी मिळालं. ज्यांची वावरं पाण्याखाली गेली त्यांत मामांच्या वडिलांची एक पट्टी होती. काळीही गेली आणि थोडी पांढरीही. म्हणजे शेत तर गेलंच, घराची जागाही गेली. मामा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. त्या जमिनीवर त्यांनी जितके दिवस नांगर धरला, त्याच्या कैकपट रात्री तिच्यावर तरंगत काढल्या.

तरंगायचं साधन म्हणजे ट्रकची ट्यूब. तिच्या पोटात सुतळीने बाजेसारखं विणायचं, वर पोतं टाकायचं, झाली होडी. वल्ही म्हणून दोन हातांत दोन फळ्या. आता बहुतेक जण थर्माकोलच्या तराफ्यावर जातात. तो ट्यूबपेक्षा हलका असतो आणि वाऱ्याने दुप्पट भटकतो. त्याही आधी लोक सुके भोपळे एकमेकांना बांधून नदी उतरत. त्याला सांगड म्हणत. आज संपादकांपासून मंत्र्यांपर्यंत सगळे ज्या ‘सांगड घालण्या’च्या गोष्टी करतात, तो शब्द असा पाण्यातून वर आलेला आहे. कयाक हीसुद्धा मुळात चैनीची वस्तू नव्हे. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांनी सीलच्या कातड्याची बनवलेली ती पोटापाण्याची होडी. भोपळा असो की सील, जवळ जे मिळालं त्यात हवा कोंडून माणूस पाण्यात गेला.

खेकड्याचा हंगाम पहिल्या पावसाचा. गंमत बघा, १ जून ते ३१ जुलै कोकणात यांत्रिक मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि त्याच दिवसांत आमच्याकडे कयाधू, पैनगंगा, पूर्णेच्या काठांवर बॅटऱ्या हलायला लागतात. उन्हाळाभर खेकडा बिळात खोल ओलीला धरून बसलेला असतो. कल्ल्यांत ओल टिकली तर तो पाण्याबाहेरही बराच काळ तग धरतो. मृगाची एक सर जोरात झाली की रात्री बाहेर पडतो. मामांचा नियम अमावस्येचा. पौर्णिमेचा खेकडा पोकळ आणि अमावस्येचा भरलेला, हे तुम्हाला मालवणातही ऐकायला मिळेल आणि सेनगावातही. अंधाऱ्या रात्री तो निर्धास्त चरतो, असं मामांचं म्हणणं. मी कधी तोलून पाहिलेलं नाही, पण पौर्णिमेच्या रात्री मामांनी ट्यूबमध्ये हवा भरलेलीही मला आठवत नाही.

माझी पहिली खेप सातवीच्या सुट्टीतली. शाळा उघडायला तीन दिवस होते आणि आईला ‘मामाकडे झोपायला जातो’ असं सांगितलं होतं. ट्यूबवर मामा आणि मी, मध्ये पत्र्याचा डबा, मामांच्या तोंडात तीन सेलची बॅटरी. दोन हातांत फळ्या असल्यावर बॅटरी तोंडातच धरावी लागते, त्यामुळे रात्रभर मामा फक्त ‘हूं’ आणि ‘हूंहूं’ बोलले. कोंबडीची आतडी बांधलेली तारेची रिंग, तिला जुन्या जाळ्याचा तुकडा, वर सुतळी आणि सुतळीच्या टोकाला चपलेच्या रबराचा तुकडा तरंगायला. अशा पाच-सहा रिंगा टाकायच्या, विडी ओढून होईतो थांबायचं आणि पहिलीपासून उचलत जायचं. उचलताना झटका नाही. खेकडा आतड्याला नांगी लावून बसलेला असतो आणि खाणं सोडायला तो फार नाखूष असतो. त्याच्या या हावरेपणावर सगळा धंदा चालतो.

मला वाटायचं, मामा रिंगा अंदाजाने टाकतात. पण त्या सगळ्या एका ओळीत पडत आणि मध्येच ओळ काटकोनात वळे. का, ते त्या रात्री कळलं. परतताना ट्यूब कशावर तरी घासली आणि फुस्स असा आवाज आला. पाण्यात उभ्या मेलेल्या बाभळीचं खुंट असावं. माझ्या बुडाखालचं पोतं ओलं झालं, डबा कलंडला आणि मी बोंब ठोकली. मला पोहता येत होतं, पण अंधारात, धरणात, ते आठवत नाही. मामांनी तोंडातली बॅटरी काढली, म्हणाले, ‘‘कामून बोंबलायलास?’’ आणि सरळ ट्यूबवरून उतरून उभे राहिले.

पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत होतं. चारी बाजूंना काळं पाणी, काठावरचा एकच दिवा लांब लुकलुकणारा, आणि मधोमध मामा, गल्लीत उभे असावेत तसे. ‘‘धुरा हाय आपला,’’ ते म्हणाले. ‘‘दगडाचा. बापानं रचलेला.’’ धुरा म्हणजे वावराचा बांध.

मग त्यांनी मेलेली ट्यूब आणि मी, दोघांनाही दोरीने ओढत चालायला सुरुवात केली. बॅटरी विझवली, सेल वाचावेत म्हणून. पावलं मोजत नव्हते, पण चाळीसेक पावलांवर डावीकडे वळले, अगदी चौकटीत, जसं आपण अंधारात घरातल्या मोरीकडे वळतो. वळल्यावर म्हणाले, ‘‘हितून चिंचेचं वावर.’’ चिंच कुठेच नव्हती. दगडाच्या फटीत खेकडे राहतात, म्हणून रिंगा धुऱ्यावर पडत. आणि धुरा कुठून कुठे जातो हे फक्त ज्यांचं वावर त्यांना माहीत. इतर लोक मामांना नशीबवान समजत. पाटबंधारेवाल्यांच्या नकाशावर तिथे नुसता निळा रंग असेल.

नदीकाठी धरायची रीत वेगळी. तिथे बॅटरीचा झोत तोंडावर धरला की खेकडा जागीच थबकतो, नांग्या वर करून. तेवढ्यात काठीने पाठ दाबायची आणि मागच्या बाजूने कवचाला दोन बोटांनी धरायचं. पुढून हात घातला तर शिक्षा ठरलेली. माझ्या डाव्या तर्जनीवर अजून वण आहे. मामींनी त्यात हळद भरली होती आणि भरताना हसल्याही होत्या. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीचं हे घरगुती काम. दिवसा बिळात हात घालणारे वीर असतात, त्यांच्या नादी लागू नये. बिळाच्या तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या असतील तर आत खेकडा असतो. तोंड गुळगुळीत, साफ दिसलं तर दुसरं कुणी राहत असण्याची शक्यता असते, आणि पावसाळ्यात मण्यारीला कुणाचंही घर चालतं.

धरलेला खेकडा मामा आधी उलटा करत. नराच्या पोटाखालचं झाकण अरुंद, निमुळतं. मादीचं रुंद, गोल, पोट झाकणारं. समुद्रातली खेकडी लाखांनी अंडी सोडते आणि त्यातून निघालेली पिल्लं आईबापाशी काडीचंही साम्य नसलेली, पाण्यात वाहत जाणारी असतात. गोड्या पाण्यातल्या आमच्या खेकडीचं तसं नाही. ओढ्याला पूर आला तर वाहून जातील म्हणून की काय, तिची अंडी थोडी आणि मोठी. पिल्लं झाकणाखालीच निघतात, ती थेट खेकड्याच्याच रूपात, आणि काही दिवस आईच्या पोटाला चिकटून राहतात. उलटं केलं की मोहरीएवढे पाय वळवळताना दिसतात. मामा म्हणत, ‘‘लेकुरवाळी हाय,’’ आणि हात पाण्यात बुडवून तिला सोडत. फेकत नसत. गंगाखेडच्या जनाबाईंनी जो शब्द विठ्ठलाला लावला तोच मामांनी पूर्णेतल्या खेकडीला लावला, आणि दोघांचीही गावं शेजारशेजारच्या जिल्ह्यांतली. सिएटलला जे काम पट्टी आणि कार्ड करतं ते इथे एका शब्दावर भागत होतं.

भागत होतं म्हणालो, पण सगळ्यांचं नव्हे. बाजारात ‘भरलेल्या’ला भाव जास्त, आणि भरलेली म्हणजे बहुतेकदा हीच. मामांच्या शेजारचा एक जण अशाच निवडून काढायचा. मामांनी त्याला कधी टोकलं नाही. आणि एकदा, मामी बाळंतीण असताना, मामांनी स्वतः डबाभर आणल्या होत्या, हेही सांगायला हवं. शब्दाला दंड नसतो, ही त्याची उणीव.

घरी मामी पाय आणि बारकी खेकडी पाट्यावर ठेचत, पाणी घालून फडक्यातून पिळत आणि तो राखाडी रस कालवणात ओतत. भाजलेलं खोबरं, कांदा, तीळ आणि येसराचा काळा मसाला. ज्वारीची भाकरी कुस्करून खायची, बोलायचं नाही. खोकल्याला हा रस्सा उत्तम, असं आमच्याकडे म्हणतात. गरम आणि तिखट असल्याने घसा मोकळा होतो हे खरं. मात्र रस्सा खळखळून उकळलेलाच हवा. गोड्या पाण्यातला खेकडा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाल्ला तर फुप्फुसात जंत होऊ शकतो. मणिपूरसारख्या भागात अशा रुग्णांना क्षयरोग समजून औषधं दिली गेल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. खोकल्यावरचं औषध कच्चं राहिलं तर खोकलाच देतं.

मराठी माणसाला खेकडा म्हटलं की बादलीची गोष्ट आठवते, एकाने वर चढावं आणि बाकीच्यांनी पाय ओढावेत. ज्यांनी ती रचली त्यांनी रात्रभर डबा सांभाळलेला नसणार. आमच्या डब्यातून तीनदा खेकडे पळाले, एकमेकांच्या पाठीवर चढूनच, आणि त्यातला एक चार दिवसांनी देव्हाऱ्यामागे सापडला. बदनामीची सवय या प्राण्याला आहेच म्हणा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, वीसेक माणसं वाहून गेली, आणि तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. बातमी मामांनी रेडिओवर ऐकली. त्यांची प्रतिक्रिया फार वेळ आलीच नाही. मग म्हणाले, ‘‘बापाच्या धुऱ्यात पन्नास वर्सं ऱ्हायलेत. एक दगड हालला न्हाई.’’

मामांनी पाण्यात जाणं सोडून आता बारा-तेरा वर्षं झाली. तरुण पोरं डोक्याला बांधायची बॅटरी लावून जातात. दोन्ही हात मोकळे, उजेड पांढराफटक, तळ दिसतो म्हणतात. लाइफ जॅकेट मात्र एकाच्याही अंगात नसतं, आणि थर्माकोल तुटून माणूस गेल्याची बातमी दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या तलावावरून येतेच. आमच्या शिवारातल्या ओढ्यांना खेकडे कमी झालेत, हे मी डोळ्यांनी पाहतो. सोयाबीनवर वर्षातून चार-चारदा फवारणी होते आणि पहिल्या पावसाचं पाणी ते सगळं घेऊन ओढ्यात उतरतं, त्याच पाण्यात ज्याच्या आवाजाने खेकडा बाहेर पडतो. धरणात अजून बरे आहेत. पाणी फार ओसरलेल्या एखाद्या उन्हाळ्यात धुऱ्याची पाठ उघडी पडते आणि लोक तिथे गाळपेर करतात. मामांना एकदा मोटारसायकलवर नेलं होतं. ते खाली बसले, दोन दगड जागेवर सारले आणि निघाले.

परवा नातवाचा व्हिडिओ कॉल आला. मामांनी विचारलेलं दिवसाउजेडीचं त्याच्या कानावर गेलं होतं. ‘‘आबा, इथे होडीतून रात्री पिंजरा उचलायला बंदी आहे. सूर्य उगवायच्या आधी एक तास ते मावळल्यानंतर एक तास, तेवढ्यातच.’’

‘‘बरं,’’ मामा म्हणाले. ‘‘आन् पाण्याखाली कुणाचं वावर हाय?’’

त्याला प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितला. तो हसला. ‘‘कुणाचंच नाही आबा. समुद्र आहे.’’

‘‘पाय टेकतो का?’’

‘‘नाही टेकत. म्हणून तर जॅकेट.’’

मामांनी फोन माझ्या हातात दिला.